दुप्पट अनुभवाचं जंगल

माणगावच्या एसटी स्टँडवर तो रोज सकाळी माझ्या शेजारी बसायचा. आधी बोटीवर खलाशी, आता रात्रपाळीचा वॉचमन. राठ बोटांनी मोबाइलवर गेम खेळायचा. खेळायचा म्हणजे, त्याचा तलवारवाला एका जंगलात नुसता उभा असे.

मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "या जंगलात लढलं की दुप्पट अनुभव मिळतो, पातळी लवकर वाढते, म्हणून माझा पोरगा हितं येतो. दोन वर्सं माझा फोन उचलत न्हाय. गेममदलं त्याचं नाव मला ठाव हाय. माझं त्याला न्हाय."

जंगलात मुलगा दिसला की तो अंगठ्याने हळूच स्क्रीन पुसायचा.

गेल्या महिन्यात मुलगा यायचा थांबला.

"त्याची पातळी वाढली," तो म्हणाला. "वरच्यांना हितला बोनस बंद. आता त्यो बर्फाच्या डोंगरावर जातो. तिकडं मला सोडत न्हाईत."

"मग तुम्हीही पातळी वाढवा ना."

"वाढवतोय. पन मी तिथं पोचंस्तवर त्यो आनखी फुडं गेलेला असनार."

त्याची बोर्लीची गाडी लागली आणि सुटलीही. तो मान खाली घालून जंगलातला एकेक लांडगा मारत राहिला.