झेनकिचीची मान

शहरातल्या नवराबायकोंना एकत्र आंघोळीची एवढी हौस का असते, हे फुमिएला शेवटपर्यंत कळलं नाही. घरी एकमेकांशी धड बोलायला सवड नसते. सुट्टी लागली की मात्र दोघं फोनवर बोटं फिरवत बसतात, बाप्यांना आणि बायांना एकत्र उतरता येईल असा गरम पाण्याचा हौद कुठे उरलाय ते शोधत. मग आगगाडी, मग बस, मग बर्फातली चढण, आणि शिरोसावाच्या त्या जुन्या सरायीत पोचल्यावर पहिला प्रश्न हा की, "पाणी पांढरंच आहे ना? आतलं काही दिसत नाही ना?" काही दिसू नये म्हणून एवढी पायपीट! घरी दिवा मालवला असता तरी भागलं असतं, असं फुमिए मनात म्हणे आणि तोंडाने म्हणे, "दुधासारखं पांढरं आहे हो. आणि बायकांना वर गुंडाळायला अंगरखा पण मिळतो."

फुमिए ओनोदेरा ह्या हौदाची राखणदार. लाकडी फरशी घासायची, पाण्यावरची पानं काढायची, पंचे वाळत घालायचे. लग्न होऊन आली त्या संध्याकाळी सासूने हाताला धरून तिला इथेच आणली होती. आत निम्मं गाव बसलेलं. नवी नवरी लाजेने अर्धमेली झालेली, आणि डोक्यावर पंच्याची घडी ठेवून बसलेला पोस्टमन म्हणाला, "सूनबाई, दाराशी नका बसू, वारा लागतो तिथे." झालं, एवढंच स्वागत. कोण कोणाकडे बघणार? सगळ्यांचे गुडघे सगळ्यांना पाठ होते.

बघणारे आले ते प्रवाशांच्या मागोमाग. त्यांना सगळीकडे मगरी म्हणतात. मगर म्हणजे नाकापर्यंत पाण्यात बुडून तासन्‌तास बसणारा सभ्य गृहस्थ. बाई उतरली की ह्याचे डोळे तेवढे वर येतात. शिरोसावाला अशा दोन नेमाच्या मगरी होत्या, एक बँकेतून निवृत्त झालेला आणि एक सफरचंदांच्या बागेचा मालक. दोघांनाही संधिवात होता, म्हणे. फुमिएने त्यांना कधी हाकललं नाही. ती सरळ पाण्यात उतरे आणि म्हणे, "काय हो बँकवाले, सकाळपासून शिजताय, आता मीठ घालायचं का? या इकडे, आमच्या ह्यांची पाठ चोळा." नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. अख्ख्या खोऱ्यात झेनकिचीइतकी लख्ख पाठ दुसऱ्या कोणाची नसेल.

झेनकिची तिचा नवरा. सुतार, हातात कला आणि तोंडात शिव्या. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. डावं अंग गेलं, वाचा गेली आणि मान खुंटी ठोकल्यासारखी सरळ बसली. दवाखान्यातली व्यायामाची बाई म्हणाली, रोज डावीकडून हाक मारा, मग उजवीकडून मारा, मान वळली पाहिजे. फुमिएने गोड हाका मारल्या, कडू मारल्या, तांदळाच्या दारूची, साकेची बाटली दाखवली, शेवटी त्याच्या मेलेल्या आईचं नाव घेऊन सुद्धा ओरडून पाहिलं. झेनकिची आपला समोर बघत बसलेला. फक्त ह्या पाण्यात उतरवला की त्याची डावी मूठ सैल पडे, आणि तिला त्याची बोटं एकेक करून धुता येत. पुरुषांच्या हौदात तिला जाता येत नव्हतं, बायकांच्या हौदात त्याला. घरातल्या टबात त्याला एकटीने बसवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. नवराबायकोने एकत्र न्हाण्याची चैन म्हणतात ती फुमिएच्या वाट्याला अशी आली होती.

तर त्या हिवाळ्यात मिओरी आणि कोहेई नावाचं जोडपं आलं. नवंच लग्न. पहिल्या संध्याकाळी दोघं पाण्यात उतरली आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला मिओरीने भाताला हातही लावला नाही.

"काल पाण्यात एक म्हातारा माझ्याकडे एकटक बघत होता," ती सरायीच्या धाकट्या मालकांना म्हणाली. "एकदासुद्धा नजर हलवली नाही."

धाकटे मालक तात्सुहिको शहरात शिकून आलेले. हौदाच्या मधोमध भिंत घालायची स्वप्नं त्यांना आधीपासूनच पडत होती. फुमिए मिसोचं सार वाढत तिथेच उभी होती.

"कोण होता? बँकवाला का?" तिने विचारलं.

"नाही. तो अगदी मधे बसला होता. गोरापान, स्वच्छ म्हातारा."

फुमिएच्या हातातली पळी थांबली. आयुष्यभर मगरींच्या पाठीत धपाटे घातले, आणि आता तिच्याच घरात मगर निघाली! तिला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ धाकट्या मालकांची भिंत आठवली.

"अगं बाई, तो माझा नवरा. त्याला मान वळवता येत नाही. तू समोर बसलीस म्हणून तू दिसलीस. म्हैस बसली असती तर म्हैस दिसली असती."

"फुमिए आजी, पाहुण्यांशी असं बोलतात का?" धाकटे मालक चपापून म्हणाले. मग आवाज मऊ करून पुढे म्हणाले, "हे बघा, भिंत घातली की कटकट मिटेल."

"आणि एकदा घातलीत की परत पाडता येणार नाही. नव्याने एकत्र आंघोळीची परवानगी सरकार देतं का? मग मी ह्यांना कुठे धुऊ, तांदूळ धुवायच्या टोपल्यात?"

मिओरी गोंधळली. ती काही वाईट पोर नव्हती. "त्यांना खरंच वळता येत नसेल तर माझी काही तक्रार नाही," ती म्हणाली.

"मग संध्याकाळी बघूनच घेऊ," धाकटे मालक म्हणाले. "पण बघत असले तर भिंत. ठरलं?"

"ठरलं!" फुमिए म्हणाली. दोन वर्षांचा अनुभव होता तिच्या गाठीला.

संध्याकाळी झेनकिचीला नेहमीच्या जागी बसवलं. मिओरी अंगरखा घट्ट लपेटून पार डावीकडे जाऊन बसली, शेजारी कोहेई. धाकटे मालक विजार गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर उभे. दोन्ही मगरी अर्थातच हजर होत्या. संधिवाताला सुट्टी नसते.

"बघा, हलतेय का मान?" फुमिए विजयाने म्हणाली. "आहे का काही? दगड आहे नुसता माझा म्हातारा."

आणि दगड हलला. आधी हनुवटी थरथरली. मग मानेची शीर ताणली गेली, कपाळावर घाम फुटला, आणि गंजलेलं दार उघडावं तशी झेनकिचीची मान कणाकणाने डावीकडे वळली, ती थेट मिओरीवर येऊन थांबली. तोंडाच्या चालत्या कोपऱ्यात हसू होतं. निर्लज्ज, जुनं, सुताराचं.

धाकटे मालक खाकरले. "फुमिए आजी..."

फुमिएने झेनकिचीच्या पाठीत असा रट्टा घातला की पाणी काठावर उडालं. "मेल्या! दोन वर्षं घसा फोडून हाका मारतेय मी, दोन वर्षं! माझ्यासाठी एक बोटभर हलली नाही, आणि हिच्यासाठी..." ती रडत होती, आणि एवढी खूश ती लग्नातसुद्धा नव्हती.

मग तिने पंच्याने तोंड पुसलं. "बघत होता हो, धाकटे मालक. शब्द म्हणजे शब्द. घाला तुमची भिंत." आणि मिओरीकडे वळून म्हणाली, "पोरी, तुझी हरकत नसेल तर एक काम करशील? आता जरा उजवीकडे जाऊन बस. ती बाजू अजून राहिलीय."

मिओरीने कोहेईकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या घामाने भिजलेल्या कपाळाकडे. ती उठली आणि पाणी कापत हळूहळू पलीकडे निघाली. दोन्ही मगरींनी नाकं पाण्याबाहेर काढली. धाकटे मालक विजारीसकट पाण्यात कधी उतरले ते त्यांनाही कळलं नाही. तरणी पोर हौदाच्या मधून चालत होती आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे श्वास रोखून झेनकिचीच्या मानेकडे बघत होते.