न वाढणारी मुलगी

आमच्या शेजारच्या इंग्रज बाईंना मेलेल्या माणसांचा नाद होता. मी असं म्हटलं की नवरा म्हणायचा, "त्याला जीनिऑलॉजी म्हणतात." म्हणू देत. रियाधमधल्या आमच्या परदेशी कुटुंबांच्या कंपाउंडमधल्या बाकीच्या बायका पोहायच्या, केक करायच्या, ड्रायव्हर मिळाला की मॉलला पळायच्या. या बाई मात्र भरदुपारी पडदे ओढून कॉम्प्युटरसमोर आपले खापरपणजोबा शोधत बसायच्या. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. विलायतेतल्या जुन्या जनगणनेची पानं नुकतीच इंटरनेटवर येऊ लागली होती आणि एकेक पान उघडेपर्यंत आमचा चहा गाळून व्हायचा.

त्या चहाला मी रोज जायचे. मला दिवस गेले होते, आणि घरात एकटं बसवत नव्हतं. त्याआधी मला एक मुलगी झाली होती. बाळंतपणाला पुण्याला माहेरी गेले होते. तिथेच ती झाली, बारसं झालं, आणि दात यायच्या आधी तापानं तिथेच गेली. रियाधनं तिला पाहिलंच नाही. त्यामुळे इथे कुणाला सांगायची वेळ आली नाही आणि मी सांगितलंही नाही. या खेपेला मी माहेरी जायला साफ नकार दिला. हे मूल जगायला हवं होतं. त्यापलीकडे मला कुणाकडून काही नको होतं.

बाईंचं घराणं शेतमजुरांचं. कुठल्याशा आडगावातलं. पानावर तिरप्या अक्षरांत एकाखाली एक सगळं कुटुंब मांडलेलं असायचं: बाप, आई, पोरं, प्रत्येकाचं वय आणि काम. एका लहान पोरापुढे लिहिलं होतं, 'पाखरं हाकणारा'. मला हसू आलं. गोऱ्यांच्या शेतातही पाखरं येत असतील आणि तीही पोरांनीच हाकायची असतील, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बाईंना त्या पानावर सगळ्यात प्रिय होती शेवटच्या ओळीतली मुलगी, वय वर्षं तीन. ती त्यांची खापरपणजी. तिच्यापासून खाली थेट स्वतःपर्यंतचा वंशवृक्ष त्यांनी जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर लावला होता.

एका दुपारी बाहेर धुळीचं वादळ उठलं होतं. खिडकीच्या काचा नारिंगी झाल्या होत्या, दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले होते. बाईंनी दहा वर्षांनंतरच्या जनगणनेतलं त्याच घराचं पान उघडलं. बाप म्हातारा झाला होता. पाखरं हाकणारा आता नांगर धरत होता. आणि शेवटच्या ओळीत तीच मुलगी, तेच नाव, वय वर्षं तीन.

"कारकुनाची चूक," बाई म्हणाल्या. "मागचंच वय उतरवलं असेल मेल्यानं."

 अशी न वाढणारी मुलगी माझ्या ओळखीची होती. माझी मुलगी असती तर एव्हाना घरभर धावली असती. पण माझ्या मनात ती अजून नुकती पालथी पडायला शिकत होती, रोज, नव्यानं. मी बाईंना विचारलं, "चर्चमध्ये पुरल्याच्याही नोंदी असतात ना? त्या पाहिल्यात?"

त्यांनी पाहिल्या नव्हत्या. बाप्तिस्मा सापडला, लग्न सापडलं, एवढ्यावर त्या खूश होत्या. त्यांची एक चुलत बहीण तिकडेच राहायची. तिनं गावच्या चर्चचं दप्तर चाळून प्रती टपालानं पाठवल्या. पाकीट आलं तेव्हा बाईंनी मला हाक मारूनच ते फोडलं. पहिली मुलगी चार वर्षांची होऊन गेली होती. तिच्यामागून झालेल्या मुलीचं नाव पुन्हा तेच. तीही गेली. मग तिसरी, आणि तिचंही नाव तेच. बाईंनी भिंतीवर लावली होती ती पहिली. त्या चार वर्षांच्या पोरीला त्यांनी नवरा दिला होता, मुलं दिली होती, नातवंडं दिली होती. मेलेल्या पोरीचा एवढा संसार इतके दिवस भिंतीवर मांडलेला होता आणि आम्ही त्याच्यासमोर बसून बिस्किटं खात होतो.

"गेलेल्या मुलीचं नाव पुन्हा ठेवलं?" मी विचारलं.

"तेव्हा सगळेच ठेवायचे. चांगलं नाव वाया का घालवायचं?" बाईंनी जन्माचं साल खोडून नवं लिहिलं. "आणि तिसरी टिकली बघ! चांगली म्हातारी होऊन गेली."

आमच्याकडे गेलेल्या मुलाचं नाव घराबाहेर जातं. भावाबहिणींच्या मुलांनासुद्धा कुणी ते ठेवत नाही. त्या गावातल्या आईनं दारात उभं राहून तिसऱ्या मुलीला हाक मारली असेल, तेव्हा आधीच्या दोघींनी काय केलं असेल, हा प्रश्न मला सोडेना. घरी ओट्याशी उभी असले की वाटायचं, मागे उंबऱ्यात कुणीतरी बसलंय, अगदी लहान. वळून पाहावं तर एसीच्या वाऱ्यानं पडदा हलत असायचा. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं पडदा बदलला असता. म्हणून मी दिवसभर तोंड मिटून असायचे. मला तरी तसं वाटायचं.

नवव्या महिन्यात सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या, त्या बॅगेत पाखडायचं सूप घेऊन. विमानतळावरच्या माणसानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि शेवटी कंटाळून "यल्ला" म्हणत जाऊ दिलं. सूप कशाला, ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मागचं मूल गेलं की पुढचं सुपात घालून विकायचं. मूठभर कोंडा घेऊन विकायचं आणि नाव विकत घेणारीनं ठेवायचं. मग ते आपलं राहत नाही, आणि जे आपलं नाही त्याच्या मागावर आपल्या दारी कुणी येत नाही.

"आई, हे काय खूळ आहे?" नवरा म्हणाला.

"तू बँकेतलं बघ," सासूबाई म्हणाल्या.

मी एरवी त्यांच्याशी वाद घातला असता. तेव्हा नाही घातला. मी भ्यालेली होते, आणि भ्यालेल्या माणसाला सूपही पुरतं. मुलगी झाली. विकत घ्यायला सासूबाईंनी निवडलं ते इंग्रज बाईंना. त्यांची मुलं मोठी होऊन मार्गी लागली होती, आणि दुसरं कारण सासूबाईंनी मला कानात सांगितलं: "अगं, हिला आपली नावं कुठं ठाऊक? तिच्याकडचं काहीतरी वेडंवाकडं ठेवील. शोधणाऱ्याला सापडायचं नाही."

मला भीती होती ती त्या भिंतीवरच्या नावाची, तिघींच्या. तेच ठेवलं तर ठेवू दे, तिसरी टिकली होती, असं म्हणत मी मनाची तयारी केली.

बाराव्या दिवशी दुपारी आम्ही पडदे ओढले. बाई रियाधच्या उन्हाळ्यात लोकरीचं टोपडं विणून घेऊन आल्या होत्या. सासूबाईंनी बाळाला सुपात निजवलं आणि सूप उंबऱ्यावरून बाईंच्या पुढ्यात सरकवलं. सांगितल्याप्रमाणे बाईंनी मूठभर कोंडा सासूबाईंच्या ओंजळीत घातला.

"आता ही माझी?" बाईंचे डोळे भरून आले होते.

"तुमची. नाव तुम्ही ठेवायचं," मी म्हणाले.

बाई वाकल्या आणि हसून, स्पष्ट, मोठ्यानं त्यांनी नाव घेतलं. माझ्या पहिल्या मुलीचं.

सासूबाईंच्या ओंजळीतला कोंडा खाली सांडला. नवरा खुर्चीतून उठला.  त्यानं विचारलं, "हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाई आमच्या तोंडांकडे पाहतच राहिल्या. "कुणी म्हणजे? मला वाटलं ते ठरलेलंच आहे," त्या मला म्हणाल्या. "तू तिला याच नावानं हाक मारायचीस ना? माझ्याकडे चहा गाळताना, रोज. पण पोटाकडे बघून नाही. दाराकडे बघून."

मला एकही हाक आठवत नाही.

नवरा म्हणाला, आपण बदलू. सासूबाईंनी मान हलवली. त्या खाली बसून कोंडा गोळा करत होत्या. विकणाऱ्याला बोलायचा हक्क नसतो, एवढंच त्या म्हणाल्या. नाव तेच राहिलं.

मुलगी टिकली. आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. जेवायला हाक मारली की आतल्या खोलीतून "कमिंग, आई" म्हणते आणि येत नाही. इतर आया दहादा ओरडतात. मी एकदाच हाक मारते आणि ताट झाकून बसून राहते. दुसऱ्या हाकेला कोण ओ देईल, सांगता येत नाही.