लिंदाल्वाचे तीस दिवस

लिंदाल्वासारखी थेंब मोजणारी बाई अख्ख्या फोर्तालेझा शहरात सापडणार नाही. घरी टाकीत पाळायच्या समुद्री माशांचं दुकान चालवून मला एकवीस वर्षं झाली. गिऱ्हाइकं डॉक्टर, वकील, नौदलातले अधिकारी, पण पाणी तपासायच्या नळीत सहा थेंब टाका म्हटलं की कुणी पाच टाकतो, कुणी सात, आणि वर मलाच ऐकवतो की तुझं औषध भेसळीचं. लिंदाल्वा सहा म्हणजे सहाच टाकते. आणि ती माशांची मालकीणसुद्धा नाही. डॉक्टर अदेरबाल म्हणून एक म्हातारे दंतवैद्य आहेत, त्यांच्याकडे ती घरकामाला होती.

होती म्हणजे बावीस वर्षं. स्वयंपाकघरामागच्या खोलीत एक खाट, एक पंखा, खिडकी नाही. "लिंदाल्वा आमच्या घरच्यासारखीच आहे," असं डॉक्टरांची बायको दोना ग्लाउसिया येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. घरच्यासारखी म्हटलं की माणसाला सुट्टी मागता येत नाही. लिंदाल्वाची मुलगी जोसिलेने बेलेंला असते. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा दोना ग्लाउसिया अंथरुणाला खिळलेली, म्हणून लिंदाल्वाला जाता आलं नाही. दुसरं गेलं तेव्हा दोना ग्लाउसिया नुकतीच वारलेली आणि डॉक्टर जेवत नव्हते, म्हणून तेव्हाही नाही. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. जूनच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख होती. या खेपेला काही झालं तरी जाणार, असं लिंदाल्वानं मला तीनदा सांगितलं. आम्ही दोघं किशादा गावचे, एका गल्लीतले, त्यामुळे तिचं मन माझ्याकडेच मोकळं व्हायचं.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी माझ्याकडून एक निळा मासा नेला. "आधी पंधरा दिवस वेगळा ठेवा," असं मी बजावलं होतं. त्यांनी तो थेट मोठ्या टाकीत सोडला. आठवड्याच्या आत सगळ्या माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उमटले. चार मेले, त्यात तो निळाही. उरला एकटा बिशप. काळाभोर, प्रत्येक खवल्याला पिवळी कड, ताटाएवढा मासा. दोना ग्लाउसियाचा लाडका, नावही तिनंच ठेवलेलं.

या रोगाला औषध तांब्याचं. आजारी मासा क्वारंटाइनच्या टाकीत हलवायचा. टाकी उघडीबोडकी, वाळू नाही, दगड नाही, लपायला प्लास्टिकच्या पाइपचे दोनतीन तुकडे. पाण्यातलं तांबं सलग तीस दिवस एका रेषेवर राहिलं पाहिजे. रोज नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, जो रंग चढतो त्यावरून तांबं किती ते कळतं. वर चढलं तर मासा मरतो, खाली उतरलं तर रोग जगतो आणि मोजणी पुन्हा एकपासून. मोठी टाकी तोवर शहात्तर दिवस बिनमाशांची ठेवायची, म्हणजे तिथले जंतू उपाशी मरतात. डॉक्टरांचे हात थरथरतात. तेव्हा थेंब मोजणं लिंदाल्वाकडे आलं.

"तीस दिवस तेवढे काढ," डॉक्टर तिला म्हणाले. "मग जा खुशाल. नुसतं खायला घालायचं काम मी करीन."

तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकचा आकडा लिहिला आणि मोजायला लागली. रोज सकाळी मला फोन. "आज बारावा. रंग बरोबर आहे." "आज सतरावा. दोन कोळंब्या खाल्ल्या लबाडानं." एकोणिसाव्या दिवशी तांबं निम्म्यावर आलं. पहिले पाढे पंचावन्न.

मी तिला झापलं. "रेडिओ ऐकत थेंब टाकतेस तू! दुसरं काय होणार?"

त्या दिवसापासून तिनं रेडिओ बंद ठेवला. नव्यानं तीस दिवस म्हणजे बावीस जून. एक दिवस बसमध्ये, तेवीसला बेलें. अजून जमत होतं. तिनं तिकीट काढलं.

सव्विसाव्या दिवशी ती पेरूच्या जॅमच्या बाटलीत टाकीतलं पाणी घेऊन दुकानात आली. बाटली गल्ल्यावर ठेवली आणि हात एप्रनमध्ये गुंडाळून उभी राहिली.

"तू बघ. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही राहिला."

मी थेंब टाकले. पाणी फिकट, म्हणजे तांबं पुन्हा उतरलेलं. मी पुन्हा केलं, पुन्हा फिकट.

"मी सहाच टाकले रे, जेनेझिओ. आईशप्पथ सहाच."

"टाकीत दगड घातलास? शिंपला, पोवळं, काही?"

"तूच म्हणालास ना, दगड तांबं खातो म्हणून? मी कशाला घालू?"

आणि मला तो फोन आठवला. मे महिन्यातला. डॉक्टर सहज म्हणून विचारत होते, "काय रे जेनेझिओ, मुठीएवढं पोवळं किती तांबं खात असेल?" आणि मी अक्कल पाजळली होती. "डॉक्टर, तेवढ्या टाकीतलं निम्मं तरी एका दिवसात गिळतं!" वर हसलोही होतो. गिऱ्हाइकानं काही विचारलं की माझी जीभ थांबत नाही, हा माझा जुना रोग. तिच्यासमोर उभं राहून मला स्वतःची लाज वाटली. गप्प बसावं, असंही क्षणभर वाटलं, तेही सांगून टाकतो.

"घरी जा," मी म्हटलं. "पाइपांच्या आत हात घालून बघ."

तासाभरानं ती परत आली. भांडी पुसायच्या फडक्यात पांढऱ्या पोवळ्याचा तुकडा. तिनं तो गल्ल्यावर ठेवला.

"हा त्यांच्या टेबलावरचा. कागदांवर ठेवायचा. मे महिन्यात आठवडाभर दिसत नव्हता. मला वाटलं, पुसताना मीच कुठे ठेवला." मग म्हणाली, "थेंब मोजायला हात थरथरतो म्हणे. पाइपात दगड बसवायला नाही थरथरला."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि वाट मी दाखवली होती. मी तिला फोनचं सांगितलं. ती मला शिव्या देईल असं वाटलं. द्यायला हव्या होत्या.

"विचारलंस त्यांना?"

"विचारलं. म्हणाले, 'तू गेलीस की परत येणार नाहीस.' मी खोलीतून तिकिटं आणून दाखवली. जायचं आणि यायचं, दोन्ही. वीस दिवसांनी परत येणार होते मी, जेनेझिओ. माझ्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं." तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "आता आलंय."

दुसऱ्या दिवशी ती झाकणाची बादली घेऊन आली, झाकणातून हवेच्या पंपाची नळी. खांद्यावर बेलेंची पिशवी.

"बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, आत काय. म्हटलं, बिशप आहेत. त्यानं कपाळाला हात लावून क्रूस काढला."

मागच्या खोलीतल्या माझ्या टाकीत तिनं बिशपला सोडलं, थेंब मोजले, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुन्हा एकचा आकडा लिहिला.

"कोळंबी बारीक चिरून. हातानं धर, तसं टाकलंस तर खात नाही. आणि त्यांना टाकीला हात लावू देऊ नकोस."

तिकीट बदलून ती वीस तारखेला बेलेंला पोचली. तेवीस तारखेच्या संध्याकाळी, सां जोआंवच्या सणाच्या होळ्या पेटत असताना, नात झाली. मुलगी आणि आई दोघीही सुखरूप. मी दुकानात उड्या मारल्या.

डॉक्टर तिसऱ्या दिवसापासून यायला लागले. मी त्यांना हाकलून द्यायचं ठरवलं होतं. पण सदरा उलटा घालून आलेल्या म्हाताऱ्याला कसं हाकलणार? टाकीसमोरच्या स्टुलावर बसायचे, दुपारपर्यंत. पोवळं गल्ल्यावर तसंच पडलेलं असायचं. त्याच्याकडे ते बघत नसत. "कितवा?" एवढंच विचारत.

वीस दिवस झाले, लिंदाल्वा आली नाही. परतीचं तिकीट तिनं वाया जाऊ दिलं.

तिसाव्या दिवशी तिचा फोन आला. डॉक्टर स्टुलावरच होते.

"झाला का बरा?"

"झाला. अंगावर एक ठिपका नाही."

"आणि ते?"

डॉक्टर माझी बाही ओढत होते. "विचार ना तिला, कधी येतेस. विचार, विचार."

मी पोवळ्याकडे बघितलं. "ते? ठणठणीत आहेत. तुझं नावही काढत नाहीत."

पलीकडे बाळ रडत होतं.

"तुला खोटं बोलता येत नाही, जेनेझिओ," ती म्हणाली. "पण असंच बोलत जा." आणि तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"लाइन गेली."

मोठ्या टाकीचे दिवसही भरत आले होते. उद्या बिशपला घरी नेता आलं असतं. मी बादली धुवायला काढली.

"घाई काय आहे?" डॉक्टर काचेला बोट लावून म्हणाले. "राहू दे की अजून थोडे दिवस इथेच. तिकडे त्याला भरवायला कोण आहे?"

मी बादली परत ठेवून दिली आणि कोळंबी चिरायला घेतली.