स्टेबल आणि बेटर

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर सकाळी एकदाच बाहेर येतात. आज ते “स्टेबल आहेत” एवढंच म्हणाले आणि आत गेले. काकांसाठी आलेल्या आमच्या माणसांनी सुटकेचा सुस्कारा सोडला. मामांनी लगेच काकांच्या लेकीला, सुमीला, सासरी फोन लावला. “बरं आहे गं आता. पोरांची शाळा बुडवून येऊ नकोस.”

आमच्यात इंग्रजी शिकलेला मी एकटाच, तेही काकांनी हट्टाने कॉलेजात घातलं म्हणून. बेटर म्हणजे कालच्यापेक्षा बरा. स्टेबल म्हणजे कालच्यासारखाच. पुराचं पाणी गळ्यापर्यंत येऊन थांबलं, तरी ते गळ्याशीच असतं.

काकूने मला बाजूला घेतलं.

“कालपण हेच म्हणाले. बरे होतायत म्हणायला इंग्रजीत वेगळा शब्द असेल की रे?”

“आहे, काकू. बेटर.”

“तो शब्द म्हणाले का एकदा तरी?”

“नाही.”

तिने पदराने तोंड पुसलं.

“मग सुमीला ये म्हण,” ती म्हणाली. “बापलेकीची नजरभेट तरी होऊ दे.”