कुणी ‘बसा’ म्हटलं नाही

अन्याय झाला तो झरी जामणीच्या माजी हवालदार देवरावकाकांवर. कापसाचा भाव कोसळला त्या वर्षी, जुलैच्या पहिल्या सोमवारी, भर सकाळी. आज यवतमाळच्या स्टँडवर बूटपॉलिशचा वास आला आणि तो दिवस पुन्हा डोक्यात शिरला.

नावाजलेल्या विद्यापीठात मुलाखती होत्या. मी पांढरकवड्याचं कॉलेज सोडून तिथं दुसऱ्या वर्षाला जागा मागायला गेलतो, काका फौजेतून सुटून पहिल्या वर्षाला. बाकावर बूट चमकवत ते म्हणाले, “घाबरून राह्यला काहून, भाऊ? इथं काई गोळ्या चालून नाही राह्यल्या.”

दार उघडंच होतं. काका आत जाऊन सावधान उभे राहिले. फौजेत साहेबानं सांगितल्याशिवाय कुणी बसत नाही. समोर खुर्ची रिकामी होती. सगळी उत्तरं त्यांनी उभ्यानंच दिली, बरोबर दिली. ते बाहेर पडताच आतून एका परीक्षकाचा आवाज आला, “हुशार आहे, पण ताठा केवढा! बसलासुद्धा नाही. नको हा.”

काकांनीही ते ऐकलं. “मले वाटलं, बसाले सांगतीन,” एवढंच बोलले.

मी आत गेलो, न विचारता बसलो. मला जागा मिळाली.

तेव्हा मला तो गैरसमज वाटला होता. आज सांगतो, ताठा टेबलापलीकडच्या खुर्चीतल्यांचाच होता. उद्या त्या खुर्चीत तुम्ही असाल. पहिला प्रश्न विचारण्याआधी समोरच्याला ‘बसा’ म्हणा.