लंडनवहिनींचे रविवार

लंडनवहिनी पाचवारी साडीखाली काळे गमबूट घालत. निऱ्या वर खोचून बुटांत कोंबलेल्या, अंगात नवऱ्याचा जुना कोट, कपाळावर ठसठशीत कुंकू. मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये ऐंशीच्या सुमारास आम्ही जी मोजकी मराठी कुटुंबं होतो, ती हे ध्यान पहिल्यांदा पाहून तोंडावर हात धरून हसली होती. वहिनी थांबल्या, एकेकाच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हसून घ्या. तासाभरात तुमचे बूट रडतील." त्या दिवशी पार्कात इतका चिखल होता की माझ्या नवऱ्याचा एक बूट तिथंच राहिला. पुन्हा कुणी हसलं नाही.

लग्न झाल्यावर त्या मुंबईहून थेट लंडनला गेल्या आणि तिथं दहाएक वर्षं राहिल्या. मग त्यांच्या यजमानांना, माधवरावांना, डेट्रॉइटजवळच्या एका मोटार कंपनीत चांगली नोकरी मिळाली आणि वहिनी अमेरिकेत आल्या. त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, "फर्निचरबरोबर आणली गेले." मूलबाळ नव्हतं. लंडनला एका शाळेच्या ऑफिसात त्या नोकरी करायच्या, ती सुटली. उरलं ते लंडन, आणि तेही फक्त बोलण्यात. म्हणून आम्ही त्यांना लंडनवहिनी म्हणायला लागलो, अर्थात त्यांच्या माघारी.

लंडन म्हटलं की आम्हाला राणीचा राजवाडा आठवे. वहिनींनी तो धड पाहिलाही नव्हता. शनिवारी सकाळी डब्यात पोळीभाजी घ्यायची, दिसेल त्या बसमध्ये चढायचं, शेवटच्या स्टॉपला उतरायचं आणि हिरवं दिसेल तिकडे चालू लागायचं, हे त्यांचं लंडन. सोबत नवरा नाही, नकाशा नाही. हॅम्पस्टेडच्या माळावर बसून, अख्खं शहर पायाशी ठेवून त्यांनी डबा खाल्ला होता. रिचमंडच्या पार्कात धुक्यातून हरणांचा कळप अचानक समोर आला. "मी म्हटलं, चालू द्या तुमचं, मीही इथं पाहुणीच आहे." कालव्याकाठच्या वाटा, रान माजलेली जुनी कबरस्तानं, कुठल्याशा बागेतलं पाणवनस्पतींचं तळं, सगळं त्यांना पाठ होतं. "एवढं अवाढव्य शहर, पण माणसाला पळून जायला जागोजाग वाट ठेवलेली," असं त्या म्हणत. हे सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. एरवी तो मऊ झालेला मी कधी ऐकला नाही.

ट्रॉयमध्ये पळून जायला वाट नव्हती. बस नव्हती, फुटपाथ नव्हते, आणि वहिनींना ड्रायव्हिंग येत नव्हतं. माधवरावांनी शिकवायला घेतलं, पण दुसऱ्याच दिवशी भर चौकात ते असे खेकसले की वहिनी स्टिअरिंग सोडून खाली उतरल्या आणि पुन्हा त्या सीटवर बसल्या नाहीत. एकदा त्या वैतागून हायवेच्या कडेकडेने एकट्याच चालत निघाल्या. पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, "मॅडम, कार बंद पडली का?" वहिनी म्हणाल्या, "कार नाही. पाय आहेत, ते चालू आहेत." तरी त्याने त्यांना गाडीत बसवून घरी आणून सोडलं. हा किस्सा माधवराव प्रत्येक पार्टीत सांगत, वहिनींच्या चालीची नक्कल करून. सगळे खो खो हसत. वहिनी ताटातलं जेवण संपवत.

याचा सूड वहिनी रविवारी घेत. आठवडाभर माधवरावांच्या हातात गाडीची किल्ली असे, पण रविवारी सकाळी त्या गमबूट चढवून दारात उभ्या राहत आणि माधवरावांना जावंच लागे. नाही गेले तर संध्याकाळपर्यंत त्या दारातच उभ्या राहत, म्हणून. हळूहळू आम्हीही त्यात ओढले गेलो. वहिनींनी डेट्रॉइटच्या आसपासचं एक पार्क, एक जंगल, एक तळं सोडलं नाही. बाकावर कुणी बसलेलं त्यांना खपत नसे. "काकू, आय ॲम कोल्ड," असं एखादं पोर रडवेलं झालं तर म्हणत, "थंडी बसलेल्यांना वाजते. वॉक." आमच्या घरांपुढच्या हिरवळीचा कुणाला अभिमान वाटला तर त्या म्हणत, "लॉन म्हणजे गालिचा. गालिच्यावर कुणी फिरायला जातं का?" ज्याची बायको जाड त्याला चढाची वाट दाखवत आणि वर मागे वळून विचारत, "जिवंत आहे ना?"

माझी त्यांची पहिली खरी भेट मी विसरणार नाही. मी लग्न होऊन नुकतीच आले होते. आईची आठवण येऊन मला भर पिकनिकमध्ये रडू फुटलं. बायका पाठीवरून हात फिरवू लागल्या. वहिनी म्हणाल्या, "रडायचं असेल तर त्या झाडामागे जा. इथं लोक जेवताहेत." मी गेले, खोडाला मिठी मारून पोटभर रडले. थोड्या वेळाने त्या आल्या. "झालं? आता सांग, कुठलं झाड आहे?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग एवढा वेळ कुणाच्या गळ्यात पडून रडत होतीस?" मला इतका राग आला की रडणं थांबलं. मग त्यांनी मला त्या झाडाची सुटून लोंबणारी साल दाखवली, नाव सांगितलं, आणि पुढच्या रविवारी ते माझ्याकडून वदवून घेतलं. या परक्या देशात मला नावानिशी ओळखीचं झालेलं पहिलं कुणी असेल तर ते हिकरीचं झाड. मला त्या बाईचा धाक होता, संताप होता, आणि एखाद्या रविवारी त्या आल्या नाहीत तर मला दिवस खायला उठे.

माधवराव दिसायला गरीब. मऊ बोलणारे, बायकांना आधी वाढा म्हणणारे. वहिनी चारचौघांत त्यांना टोचून बोलत, ते ओशाळं हसत, आणि आम्ही सगळे मनातून त्यांच्या बाजूचे असू. पोलिसाच्या किश्श्यालाही आम्हीच हसत होतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नसे.

मग तो एप्रिलमधला रविवार आला. बर्फ वितळून सगळीकडे ओल होती. एका पार्कातल्या झाडीत, पाणथळ खळग्यात माधवराव एकदम ओरडले, "अरे, अळू! इकडे या, अळू!" खरोखरच हातहातभर रुंद, हिरवीगार पानं चिखलातून वर आली होती. त्या काळी अळूचं पान आमच्या स्वप्नात यायचं. पालकाच्या वड्या करकरून जीव उबगला होता. बायकांनी ओच्यात पानं खुडायला सुरुवात केली. कुणीतरी म्हणालं, "वास कसला घाण येतोय यार!" माधवराव म्हणाले, "अमेरिकन अळू आहे. खत वेगळं, वास वेगळा."

वहिनी खळग्याच्या काठावर उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, जरा थांबा."

"तू गप्प बस गं," माधवराव म्हणाले. आज त्यांना सूर सापडला होता. "मी कोकणातला. आमच्या न्हाणीमागे अळवाचं बन होतं. तुझ्या लंडनमध्ये उगवत होता का अळू? प्रत्येक झाडात नाक खुपसायचं!" सगळे हसले. वहिनींनी कोटाच्या खिशात हात घातले आणि त्या बाजूला झाल्या.

संध्याकाळी आमच्याकडेच फदफदं शिजलं. चणाडाळ, शेंगदाणे, चिंच, गूळ, सगळं रीतसर. मी चव घेतली आणि जिभेत सुया टोचल्या. "खाजतंय," मी म्हटलं. अळू खाजतोच. आम्ही काय केलं असेल? आणखी चिंच घातली. कुणालाच शंका आली नाही, कारण खाजणारा अळू आणि त्यावर चिंच, हे आम्हाला आईच्या स्वयंपाकघरापासून माहीत होतं. तरीही बाकीच्यांनी एकेक घास घेऊन वाट्या खाली ठेवल्या. माधवरावांना ठेवता येईना. समोर वहिनी बसल्या होत्या, नुसता ताकभात खात. "फर्स्ट क्लास!" असं म्हणत माधवरावांनी वाटी संपवली आणि दुसरी मागितली. वहिनी ती वाटी भरताना, ती तोंडाला लागताना पाहत होत्या. मी त्यांच्या शेजारी होते. त्यांचा चेहरा शांत होता.

दुसरी वाटी अर्धी झाली आणि माधवरावांनी गळा धरला. ओठ सुजले, लाळ गळायला लागली, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. माझ्या नवऱ्याने सिग्नल तोडत गाडी हॉस्पिटलला नेली. डॉक्टरांनी घशात नळी घातली, म्हणून ते वाचले. बाहेर आम्ही सगळे बसलो होतो. एकजण म्हणाला, "कुणाला कल्पना तरी होती का, असं विषारी असेल म्हणून?"

"मला होती," वहिनी म्हणाल्या. "लंडनच्या बागेत तळ्याकाठी लावलेलं होतं ते. खाली पाटीसुद्धा होती. स्कंक कॅबेज म्हणतात."

माझ्या नवऱ्याने कसंबसं विचारलं, "मग वहिनी, सांगितलं का नाहीत?"

"ह्यांनी गप्प बसायला सांगितलं होतं. बसले. तुम्ही हसलात की सगळे."

एवढं बोलून त्यांनी कोटाची बटणं लावली. एक बटण चुकलं, ते सोडून त्यांनी पुन्हा लावलं. पण ते भीतीने चुकलं की आणखी कशाने, हे मला आजही सांगता येणार नाही. नळी काढल्यावर वहिनींचं ते वाक्य माधवरावांच्या कानावर गेलंच. आपल्या लोकांत अशी गोष्ट दोन दिवस तरी राहते का? घरी आल्यावर ते रविवारी गाडी काढत राहिले. फक्त पोलिसाचा किस्सा त्यांनी पुन्हा सांगितला नाही, आणि बायकोशी ते फार सभ्यपणे बोलू लागले. ते सभ्य बोलणं ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. आम्ही मंडळी एकेक करून त्या रविवारांतून गळलो. मी तेवढी जात राहिले.

पुढच्या वर्षी वहिनींना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण ती तलवारीसारखी जीभ तोंडात नुसती पडून असायची. माधवरावांनी लवकर निवृत्ती घेतली. त्यांनी बायकोची जी सेवा केली, तिची कीर्ती पार शिकागोपर्यंत पोचली. आंघोळ घालत, वेणी घालत, घास भरवत. "माणूस आहे की देव," बायका म्हणत. मलाही काही महिने तसंच वाटलं.

पहिला वसंत आला तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. वहिनी चाकाच्या खुर्चीत होत्या. डावा हात सारखा खिडकीकडे जात होता, मग माझ्याकडे, मग खिडकीकडे. बाहेर लॉन होतं आणि त्यापलीकडे दुसऱ्यांचं लॉन. त्यांना काय हवंय ते कुणाही मूर्खाला कळलं असतं. मी माधवरावांना म्हटलं, "रविवारी मी नेऊ का पार्कात? माझ्या गाडीतून?"

"नको, नको. डॉक्टरांनी इन्फेक्शनला जपायला सांगितलंय."

"पण थेरपीवाली तर म्हणाली, मोकळी हवा लागू दे."

"थेरपीवालीला काय कळतंय?" ते हसून म्हणाले. "आणि रविवार कुठे चुकवलाय मी तिचा? दर रविवारी नेतो की फिरायला. ये तू पण एकदा."

मी गेले. त्यांनी गाडी मॉलच्या दाराशी लावली. वहिनींची खुर्ची ढकलत ते आत मधोमध गेले, जिथं कारंजं होतं आणि भोवती कुंड्यांतून ताड, नेचे, वेली होत्या. सगळं प्लास्टिकचं. एक नोकर फडक्याने पानं पुसत होता. वरून संगीत झिरपत होतं. माधवरावांनी बरोबर त्या ताडांच्या मध्ये खुर्ची उभी केली आणि ब्रेक लावला.

"बघ, काय हिरवंगार आहे!" ते बायकोच्या कानाशी वाकून म्हणाले. "बाराही महिने. चिखल नाही, थंडी नाही, घाण वास नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माधवराव, चला ना, बाहेर जाऊ. दहा मिनिटांवर तळं आहे. मी हात जोडते तुम्हाला."

त्यांनी ऐकलं. शांतपणे माझ्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी मला कळलं की या माणसाला सगळं माहीत आहे. मग ते म्हणाले, "तिला इथंच आवडतं. अगं, दर वेळी डोळ्यांत पाणी येतं तिच्या."

आणि खरंच येत होतं. डाव्या डोळ्यातून, उजव्यातून, गळ्यापर्यंत. वहिनी त्यानंतर आणखी दोन वर्षं जगल्या आणि घर ते गाडी याखेरीज आकाश त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. त्या दिवशी माधवरावांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढला आणि बायकोचे डोळे टिपले, इतक्या हळुवारपणे की पलीकडच्या बाकावरची अमेरिकन म्हातारी भारावून म्हणाली, "हाऊ स्वीट!"

"थँक यू," माधवराव म्हणाले, आणि ब्रेक काढून त्यांनी खुर्ची त्या झाडांच्या आणखी थोडी जवळ सरकवली.