दहा मिनिटं पुढचं घर

प्रतापनगरातल्या त्या घरी पाहुणा आला की आधी भिंतीवर बघायचा, मग स्वतःच्या मनगटाकडे. मग विचारायचा, तुमचं घड्याळ पुढे आहे का? प्रेमानंद गजभिये म्हणायचे, "आमचं बरोबर हाये. तुमचं मागं हाये."

पाहुणा हसायचा. प्रेमानंद हसायचे नाहीत.

मौद्याजवळच्या खेड्यातून ते नागपुरात आले ते फिटरचं प्रमाणपत्र घेऊन. हिंगण्याच्या बाजूला एका कारखान्यात लागले. कारखान्याची बस पहाटे चौकातून सुटायची आणि कोणासाठी थांबायची नाही. नोकरी लागून महिना झाला नव्हता तेव्हा एका पहाटे त्यांची बस चुकली. कोणाची तरी सायकल मागून घेतली आणि ती मारत ते गेले. पोचले तेव्हा पाळी सुरू झाली होती. सुपरवायझरनं त्यांना हजेरीच्या टेबलापाशी थांबवलं. तो ओरडला नाही. सगळ्यांसमोर हसत म्हणाला, तुम्हा लोकांना वेळेचं काय, तुम्हाला सगळं आयतंच मिळतं.

तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. प्रेमानंद सही करून कामाला लागले. त्या संध्याकाळी खोलीवर येऊन त्यांनी गजराचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. निवृत्त होईपर्यंत त्यांना पुन्हा कधी उशीर झाला नाही.

पुढे लग्न झालं, घर झालं, घड्याळं वाढली. सगळी दहा मिनिटं पुढे. त्यांची मुलगी उत्तरा याच वेळेत लहानाची मोठी झाली. शाळेचं फाटक उघडायच्या आधी ती तिथं उभी असायची. घरातली वेळ वेगळी आणि बाहेरची वेगळी, हे तिला पंख्याच्या आवाजासारखं सवयीचं झालं होतं. आपण मनात दहा वजा करतो हेही तिच्या लक्षात यायचं नाही.

उत्तरा पुण्याच्या एका कंपनीत कामाला होती. परदेशातल्या इस्पितळांची बिलं तपासायची, प्रत्येक आजारापुढे ठरलेला क्रमांक टाकायचा. तिची आई वच्छलाबाई यांचं उजवं अंग लकव्यानं लुळं पडलं तेव्हा कंपनीनं तिला घरून काम करायची परवानगी दिली. ती लॅपटॉप घेऊन नागपूरला आली. वच्छलाबाईंना पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागत. एकानं काखेतून धरायचं, एकानं गुडघ्याखालून. प्रेमानंदांचा मणका सरकलेला. खांद्याकडचा भार उत्तरा घ्यायची.

या वर्षी कंपनीनं लॅपटॉप परत मागवले. घरून काम करायचं असेल तर स्वतःचा संगणक वापरा म्हणाले. घरात संगणक होता. निवृत्तीनंतर प्रेमानंदांनी तो पेन्शनची कामं करायला आणि प्रवचनं ऐकायला घेतला होता. जोडून द्यायला आलेल्या माणसाला त्यांनी पहिलं काम सांगितलं ते वेळ दहा मिनिटं पुढे करायचं. तो म्हणाला, काका, हा आपोआप दुरुस्त करून घेतो वेळ. मग ते आपोआप बंद कर, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यानं हसत बंद करून दिलं. त्याला आता खूप दिवस झाले होते. प्रेमानंद ते विसरून गेले होते.

घरच्या संगणकावरून पुण्याच्या ऑफिसात शिरायला व्हीपीएन लागायचं. प्रेमानंदांनी विचारलं तेव्हा उत्तरानं त्यांच्या भाषेत सांगितलं. हा बंदिस्त रस्ता आहे, रस्त्याच्या तोंडाशी गेट आहे, आणि गेटपासवरचा सहा आकडी नंबर दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. नंबर संगणकच दाखवतो. तो टाकला की आत.

पहिल्या सकाळी तिनं नंबर टाकला. उत्तर आलं, नंबर चुकीचा आहे. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टाकला आणि तिचं खातंच बंद झालं.

मग मदतीच्या नंबरावर फोन. बराच वेळ फोनवर बासरी वाजायची, मग दीप्ती नावाची मुलगी बोलायची. दीप्ती पुण्यातून सगळं तपासायची आणि शेवटी त्या दिवसापुरता वेगळा प्रवेश द्यायची. यात सकाळ निघून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. इकडे बासरी वाजत असायची, तिकडे उत्तराच्या नावापुढे उशीर लागत असायचा. तो कोणी माणूस लावत नव्हता, आपोआप लागायचा.

प्रेमानंदांनी हे अंगावर घेतलं. यंत्र बिघडलं की कारण सापडेपर्यंत ते उठत नसत, तसे ते मागे लागले. नेटवाल्या उन्मेषला बोलावलं. वायर बदलायला लावली. खिडकीतला नेटचा डबा दिवाणखान्यात आणला. उन्मेष मोबाईलवर व्हिडिओ लावून दाखवायचा, काका, पाहा ना, नेट तं धावून राहिलं. प्रेमानंदांना ते पटायचं नाही.

"धावून राहिलं तं माह्या पोरीले काहून लागून नाही राहिलं? बैलबंडीवर टाकून आणता का गा तुमी नेट?"

उन्मेष खाली मान घालून पुन्हा वायर तपासायचा. तो गेल्यावर प्रेमानंद इलेक्ट्रिशियनला बोलवायचे. त्याच्याकडून अर्थिंग तपासून घेतलं. उत्तरा म्हणाली, बाबा, राहू द्या आता. ते राहू देईनात.

दीप्तीनं एकदा विचारलं होतं, मॅडम, कॉम्प्युटरवरची वेळ बरोबर आहे ना? उत्तरानं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं, मग भिंतीवर पाहिलं. दोन्हीकडे एकच वेळ होती. ती म्हणाली, हो, बरोबर आहे. प्रेमानंद तिथंच बसले होते. त्यांनीही वर पाहिलं आणि मान हलवली.

मग मॅनेजरचा फोन आला. शुक्रवारपर्यंत हे सुटलं नाही तर सोमवारपासून पुण्यात येऊन बसावं लागेल. उत्तरानं आईला सांगितलं नाही. पण पलंग आणि संगणक यांच्यामध्ये एक कापडी पडदा होता फक्त. त्या दिवशी वच्छलाबाई जेवल्या नाहीत. भूक नाही, एवढंच त्यांनी खुणेनं सांगितलं.

शुक्रवारी उत्तरानं सकाळीच दीप्तीला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. नंबर टाकत होती, चुकत होता. दीप्तीचाही आवाज थकलेला होता. ती म्हणाली, आत्ता दहा बावन्न झालेत, अकराला मला दुसरीकडे जायचंय, तोवर मी लाइनवर आहे.

प्रेमानंद वच्छलाबाईंना पाणी पाजून ग्लास घेऊन बाहेर येत होते. त्यांनी सवयीनं भिंतीकडे पाहिलं. अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. ते तसेच उभे राहिले.

"उत्तरा," ते म्हणाले, "तो नंबर वेळेवर बदलते ना?"

"हो बाबा." तिनं मागे पाहिलं नाही.

"कोणत्या वेळेवर?"

उत्तराचे हात थांबले. तिनं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. मग शेजारी ठेवलेल्या मोबाईलकडे पाहिलं. मग ती वळली आणि वडिलांकडे बघत राहिली. फोनवर दीप्ती हॅलो हॅलो करत होती.

संगणक दहा मिनिटं पुढचा नंबर दाखवत होता, पुण्याचं गेट आत्ताचा मागत होतं. संगणकाचं घड्याळ दुरुस्त करायला मिनिटभरही लागलं नाही. नंबर टाकला, गेट उघडलं. इस्पितळांची बिलं एकाखाली एक पडद्यावर आली. घरात कोणालाच आनंद झाला नाही.

दीप्तीला मात्र सुटल्यासारखं झालं होतं. तिनं सांगितलं की तक्रार बंद करताना कारण लिहावं लागतं. नेटवर्कचा दोष लिहिला तर झालेले उशीर धरत नाहीत. वापरणाऱ्याची चूक लिहिली तर धरतात. एवढं सांगून ती थांबली. काय लिहू, असं तिनं विचारलं नाही. उत्तरानं सांगावं म्हणून ती थांबली होती, हे उत्तराला समजलं. ती बोलणार तेवढ्यात प्रेमानंद फोनजवळ आले.

"ताई, नेटचा काही दोष नव्हता. त्या पोराले मी उगाच बोललो. घड्याळ मी पुढं केलं होतं. पोरीले माहीत नाही. माहं नाव लिहा."



"काका," दीप्ती म्हणाली, "तुमचं नाव लिहायला यात जागा नाहीये. आणि हा कॉल रेकॉर्ड होतो. आता वापरणाऱ्याची चूकच लिहावी लागेल."

प्रेमानंदांच्या हातात ग्लास होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. पुन्हा उचलला. मग स्वयंपाकघरात जाऊन विसळू लागले. नळ बराच वेळ चालू होता.

मेल दुपारी आला. उत्तरानं तारीख वाचून दाखवली. सोमवारपासून पुणे, तीन महिने, मग बघू. त्यात आणखी एक ओळ होती. कर्मचाऱ्याला वेळेचं गांभीर्य नसल्याचं दिसून येतं. ती ओळ तिनं वाचून दाखवली नाही. मेल मिटून टाकला.

ती चिडेल असं प्रेमानंदांना वाटत होतं. ती चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं शांतपणे विचारलं, "बाबा, तुमी घड्याळ पुढं काहून ठेवता?"

"बस सुटायची."

"एवढंच?"

ते खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितलं. पहाटेची बस, सायकल, हजेरीचं टेबल. सुपरवायझरचं वाक्य त्यांनी त्याच्याच सुरात म्हटलं, त्याच्यासारखं हसत. इतक्या वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. पडद्यामागे वच्छलाबाई ऐकत होत्या. त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या.

उत्तरानं मिटलेला मेल पुन्हा उघडला, ती एक ओळ पाहिली आणि संगणकच बंद केला.

रविवारी सकाळी तिची बॅग दाराशी भरून ठेवली होती. शेजारच्या माया सकाळी तासभर यायला तयार झाल्या होत्या. बाकीचा दिवस प्रेमानंद एकटे. दवाखान्यातल्या बाईंनी एक युक्ती दाखवली होती. चादर अंगाखालून घ्यायची, पीळ द्यायचा आणि आपल्या वजनानं मागे ओढायचं. पाठ वाकवायची नाही.

त्यांनी चादर घातली. पीळ दिला. उत्तरा भिंतीला टेकून उभी होती. हात तिनं पाठीमागे धरले होते.

"पोतं नोका समजू जी मले," वच्छलाबाई अर्ध्या तोंडानं म्हणाल्या.

प्रेमानंदांनी ओढलं. वच्छलाबाई पलंगाच्या कडेपर्यंत आल्या. तिथून तिरप्या झाल्या. डावा हात त्यांनी खुर्चीच्या दांड्याला घातला, पण अंग खाली घसरत होतं. उत्तरा पुढे धावली.

"तू नोको येऊ," प्रेमानंद म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू तं उद्या राहणार नाही."

उत्तरा मध्येच थांबली. प्रेमानंदांनी गुडघा पलंगाला लावला आणि त्यांना कसंबसं पुन्हा आडवं केलं. दोघंही धापा टाकत होते. वच्छलाबाईंच्या कपाळावरचे केस त्यांनी बाजूला केले.

"अजून एक बार," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी डाव्या हातानं चादरीचं टोक शोधलं आणि प्रेमानंदांच्या हातात दिलं.